डॅनिश सिनेमावर वडीगोद्रीचं मत

५ जानेवारी, रविवार

आकांक्षाचा फोन आला, कोपनहेगनहून. गोड बातमी दसऱ्यालाच कळली होती, आता डॉक्टरांनी एप्रिलचा पहिला आठवडा सांगितला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असा आग्रह मी धरणार नव्हते. मी त्यातली आई नाही. फक्त सहज विचारलं, मुंबईहून वडीगोद्रीपर्यंत एसी गाडी केली तर तिला त्रास होईल का. ती हसली. म्हणाली, आई, इथे सगळं नीट आहे, दाई घरी येऊन बघून जाते, मॅड्सलाही बाप म्हणून सुट्टी मिळणार आहे. तू आलीस तर छानच, पण यायलाच पाहिजे असं काही नाही.

मला बिलकुल लागलं नाही. फोन लवकर ठेवला, कारण गॅसवर दूध होतं.

संध्याकाळी कोरा चहा. आज दूधवाला आलाच नव्हता.

७ जानेवारी, मंगळवार

शांतपणे विचार केला. मी तर उद्यासुद्धा निघेन. पासपोर्ट आहेत. लेकीच्या लग्नाच्या वेळी दोघांचे काढले होते, कपाटात कडुलिंबाच्या पाल्यात ठेवले आहेत. इंग्रजी माझं कॉन्व्हेंटचं. अडचण एकच, ती म्हणजे हे.

हे, म्हणजे काकासाहेब, मोसंबीच्या बागेपासून चार दिवस लांब राहिल्याचं मला आठवत नाही. सध्या मोसंबी ताणावर आहे, म्हणजे झाडांचं पाणी तोडलंय. संक्रांतीनंतर पाणी देतील, मग फुलं, मग फळं, मग व्यापारी. मोसंबीचं बाळंतपण वर्षभर चालतं. त्यात लेकीचं कुठे बसवणार?

त्यांना विचारण्याचा प्रश्नच येत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचं उत्तर मला न विचारता ऐकू येतं.

आकांक्षाला मेसेज केला: बाबा तयार नाहीत. तिने रडका चेहरा पाठवला. मीही पाठवणार होते, चुकून नाचणारी बाई गेली.

९ जानेवारी, गुरुवार

थेट विचारणं मला जमत नाही असं नाही. ते माझ्या वळणात नाही. औरंगाबादला शाळेत सिस्टर बर्नाडेट सांगायच्या, मुलींनो, दार वाजवा आणि ‘कम इन’ ऐकू येईपर्यंत बाहेर उभ्या राहा. एकदा मी त्यांच्या खोलीचं दार वाजवून अख्खी मधली सुट्टी बाहेर उभी होते. घंटा झाल्यावर त्या आपल्या आपणच बाहेर आल्या. म्हणाल्या, मीना, तू इतकं हळू वाजवलंस, मला वाटलं दारावर पाल चालतेय. मग माझ्या गालाला हात लावला. हाताला साबणाचा थंड वास. तो साबण आता मिळत नाही. मी जालन्यात सगळीकडे विचारलं आहे.

तेव्हा ठरलं. विचारायचं नाही. वातावरण तयार करायचं.

११ जानेवारी, शनिवार

सुचलं! आकांक्षा मागे म्हणाली होती, तिच्या ऑफिसात सगळे एका नव्या डॅनिश सिनेमाबद्दल बोलतात. गाव, शेती, गायी. ह्यांना गायी दाखवल्या की झालं. तिच्याकडून लिंक मागवली. ती म्हणाली, आई, जरा जड आहे हं. मी म्हटलं, बेटा, आम्ही शाळेत शनिवारी हॉलमध्ये पडदा लावून जगातले उत्तम सिनेमे पाहिले आहेत. जड म्हणजे क्लासिक.

शिवाय डेन्मार्क मला नवीन नाही. सिस्टरांच्या टेबलावर तो निळा गोल डबा असायचा, बिस्किटांचा. वर पवनचक्की आणि हसरी माणसं. आत खडू असायचे. माझ्याकडे आहे त्यात सुया-दोरे असतात. पण डबा पाहिला की देश कळतो.

सिनेमाचं नाव मला उच्चारता येतं. फक्त लिहिता येत नाही.

१२ जानेवारी, रविवार

जगभरच्या प्रेक्षकांची मतं इंटरनेटवर वाचली. पुष्कळांनी ‘ब्लीक’, म्हणजे भकास, लिहिलंय. एका बाईने लिहिलंय, पाहून दोन दिवस जेवण गेलं नाही. तिकडे लोक तसेही कमीच जेवतात.

या मतांत जालना जिल्ह्यातून एकही नाही. संकल्प: आपण सिनेमा दाखवायचा, प्रेक्षकांची मतं गोळा करायची, मी त्यांचं इंग्रजी करून तिथे टाकायची. आकांक्षा आणि मॅड्स वाचतील. त्यांना कळेल, की जिला ‘यायलाच पाहिजे असं काही नाही’ म्हणावं, तशी ही आई नाही.

मुख्य मत अर्थात ह्यांचं. ते आपसूक म्हणतील, बघू या एकदा हा देश.

दुसरा संकल्प: रोज पाच डॅनिश शब्द.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांत छान झाली. येत्या रविवारी आपल्याकडे हळदीकुंकू, त्यालाच सिनेमा जोडला. शेजारच्या तुळजाबाईंनी विचारलं, पिच्चरला वाण काय. मी म्हटलं, वाण वेगळं, पिच्चर वेगळा. त्यांना पटलं नाही.

मागच्या वस्तीवरच्या साखराबाईंना मुद्दाम जाऊन सांगितलं. शेळ्या घेऊन निघाल्या होत्या. म्हणाल्या, बाई, मी हळदीकुंकवाला कशी येऊ, मालक जाऊन बारा वर्षं झाली. मी म्हटलं, मग सिनेमाला या. त्या शेळीची दोरी हातात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, पिच्चरला येते.

डॅनिश: आज तीन शब्द. दोन विसरले.

१८ जानेवारी, शनिवार

सिनेमा आधी पाहून ठेवणं हे माझं कर्तव्य. पहिली दहा मिनिटं पाहिली. हिरवं कुरण, पाऊस, गायी, एक म्हातारा गवताकडे बघत उभा. फार प्रसन्न. पुढचंही असंच असणार. तिळगूळ वळायचा राहिला होता.

इंग्रजी अक्षरं खाली येतात, ती मी वाचून मराठीत सांगणार. बायकांना काही अडणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज थोडक्यात लिहिते. थकव्याने.

बैठकीत तेवीस बायका. मागे खुर्च्यांवर हे आणि ह्यांचे मित्र कडूबा. साखराबाई दाराच्या आत, पण भिंतीला टेकून.

अकराव्या मिनिटाला गाय मेली. तिला साखळी लावून ट्रॅक्टरने चिखलातून ओढलं. मी सांगितलं, गाय झोपली आहे. तुळजाबाई म्हणाल्या, झोपलेल्या गाईला साखळीनं वढतेत व्हय. मी म्हटलं, तिकडची पद्धत आहे.

मग म्हाताऱ्याचा मुलगा आला आणि बाटली तोंडाला लावून प्यायला. मी सांगितलं, औषध घेतोय, खोकल्याचं. त्याने ती बाटली संपवली आणि दुसरी उघडली. कडूबा मागून म्हणाले, “खोकला लै दिसून राह्यला त्याला.” मग मुलाने बापाला मारलं. मी सांगितलं, पाठ चोळून देतोय. त्यावर तुळजाबाईंनी टीव्हीकडून मान वळवून माझ्याकडे बघितलं. तेच जास्त वाईट वाटलं.

मग एक बाई त्या मुलाच्या खोलीत आली. मी सांगितलं, बहीण आहे. पुढच्याच क्षणी ती बहीण नाही हे सगळ्या बैठकीला दिसलं. शाळेत अशा वेळी सिस्टर बर्नाडेट प्रोजेक्टरपुढे पुठ्ठा धरायच्या. माझ्या हाताशी तिळगुळाचं सूप होतं. तेच टीव्हीपुढे धरलं. टीव्ही मोठा, सूप लहान. कडेने जे दिसायचं ते दिसत राहिलं. तिळगूळ सांडला. तुळजाबाईंच्या सूनबाई अंजू हसता हसता न्हाणीघरात जाऊन बसल्या. सूप धरून हात दुखला तरी प्रसंग संपेना. डॅनिश लोकांना घाई नसते.

शेवटी एवढं कळलं: म्हाताऱ्याला एक लेक आहे, शहरात. तिला बाळ झाल्याचा फोन येतो. हा काहीच बोलत नाही. मग एक दिवस लोकरीची छोटी टोपी घेऊन निघतो. लांबवर गाडी चालवतो. तिच्या दारापुढे उभा राहतो. आत दिवा, बाळाचा आवाज. तो बेलकडे बघतो. खूप वेळ बघतो. मग टोपी फाटकाला अडकवतो आणि परत जातो. संपलं. नावं सुरू.

इथे अक्षरंच नव्हती, त्यामुळे मला काही सांगावं लागलं नाही.

मग तुळजाबाई म्हणाल्या, “बेल दाबायला काय झाल्तं मुडद्याला?”

ह्यांनी चहा घेतला नाही. सरळ बागेकडे गेले.

२१ जानेवारी, मंगळवार

मतं गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली. बहुतेक आवाजी मेसेज. त्यांचं इंग्रजी मी जरा कलात्मक केलं.

तुळजाबाई: दहापैकी दोन मार्क, ते दोन्ही गायींना. (मी लिहिलं: ग्रामीण छायाचित्रण सुंदर.)

अंजू: सूप मस्त होतं काकू. (लिहिलं: सादरीकरण लक्षात राहील असं.)

कडूबा: गोठ्यात पंखे आहेत, आपल्या घरात नाहीत. (लिहिलं: सामाजिक भान.)

आणि प्रत्येकीने शेवटी तेच. बेल दाबायची होती. लेकीच्या दारी कसली लाज. एवढं डिझेल जाळून गेल्ता. मी सगळ्यांना समजावलं, की कलात्मक सिनेमात शेवट उघडा ठेवतात. तुळजाबाईंनी उत्तर पाठवलं: दार तर बंदच होतं.

ह्यांचं मत आलं नाही. ग्रुपवर नाहीत म्हणून नव्हे. मी टीव्हीवर त्या गायींचा फोटो मुद्दाम लावून ठेवला, तर त्यांनी बातम्या लावल्या.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाहून येताना ह्यांनी एकदम विचारलं, तिकडं थंडी किती असती. मी म्हटलं, भयंकर. ते ‘हूं’ म्हणाले. थोड्या वेळाने विचारलं, चिखल आपल्यासारखाच आसतो का. मी म्हटलं, बघितलात ना. ते ‘हूं’ म्हणाले.

घाबरले. त्या सिनेमाने माझी सगळी योजना बुडवली.

आकांक्षाला कळवलं: बाबांनी सिनेमा पाहून धसका घेतलाय, आता तर शक्यच नाही. तू काळजी करू नकोस. मी इथे ठीक आहे. तिने विचारलं, आई, तू बाबांना नक्की विचारलंस ना? मी लिहिलं, बेटा, काही गोष्टी विचाराव्या लागत नाहीत.

डॅनिश: अॅपने माझी आठवण काढणं थांबवलंय.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. आजचं जसं घडलं तसं लिहिते, म्हणजे पुढे गैरसमज नको.

आकांक्षाने आज थेट ह्यांच्या फोनवर फोन केला. हे ओसरीवर होते, मी आत दूध उतू घालत होते. खरंच दूध होतं. ऐकू आलं, हे म्हणाले, येणार की, कधी यायचं सांग. मी पातेलं तसंच ठेवून बाहेर आले. म्हटलं, तुम्ही तर नाही म्हणत होता.

“मी न्हाई कव्हा म्हन्लो? मला इचारलं कोन?”

मी म्हटलं, बाग. ते म्हणाले, बागेचं कडूबाला दिवाळीतच सांगून ठेवलंय, पाणी कधी, फवारा कधी. मी म्हटलं, थंडी. ते उठले, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत गेले आणि एक पिशवी घेऊन आले. निळा स्वेटर. दिवाळीच्या बाजारात जालन्याहून घेतला होता. मला दाखवला असता तर मी म्हणाले असते, एवढ्यात कशाला खर्च, म्हणून खताच्या पोत्यांमागे ठेवला होता म्हणे.

म्हणजे कडूबांना माहीत. तुळजाबाईंनाही, कारण कडूबांना माहीत असलेलं त्यांना माहीत असतंच. मीच फक्त.

तिकडून आकांक्षा विचारत होती, आई कुठे आहे, आई काय म्हणते. ह्यांनी फोन माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, बेटा, दूध उतू गेलंय.

आज ते जायलाच हवं असतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

विचार केला. त्यांनी खुशाल जावं. मी थांबते. कारणं स्पष्ट आहेत. गुडघा. गव्हाची सोंगणी. पापड. तुळशीला पाणी. शिवाय दोघांनी एकदम जाऊन त्यांच्या छोट्या घरात गर्दी कशाला. तिकडे सगळी सोय आहे. दाई घरी येते.

हे मी ह्यांना सांगितलं. त्यांनी काही वाद घातला नाही, फक्त विचारलं, गुडघा कोणता. मी डावा म्हटलं. सकाळी मी उजवा म्हणाले होते म्हणे.

१० फेब्रुवारी, सोमवार

साखराबाई आल्या. त्यांच्याकडे मेसेजवाला फोन नाही, त्यामुळे त्यांचं मत राहिलं होतं. ते द्यायला आल्या होत्या. पायरीवर बसल्या. मी आत बोलावलं, म्हणाल्या, शेळ्यांवर नजर ठेवायचीय.

मी पेन घेतलं. त्या म्हणाल्या, म्हाताऱ्याला वाटलं आसंल, लेकीचं भागून राह्यलंय, मला कोन बोलावतंय. आन् लेकीला वाटलं, बाप येत न्हाई तर कशाला म्हनायचं ये. दोघंबी दाराच्या दोन बाजूला. आन् मधी एक बटन.

मी म्हटलं, छान, हे मी इंग्रजीत लिहिते. मग सहज सांगितलं, की हे जाताहेत, मी काही जात नाही, माझा गुडघा, शिवाय तिकडे मी यायलाच पाहिजे असं काही नाही असं तीच म्हणाली.

साखराबाईंनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. शेळी चुकीच्या शेतात शिरली की बघतात तसं.

“बाई, सगळ्या गावाला तुमी दाखवला तो पिच्चर. तुमीच बघितला न्हाई व्हय?”

मग त्या शेळ्यांमागे गेल्या.

त्या मताचं इंग्रजी झालं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पासपोर्ट काढले. पाला बदलला. गुडघा बराच बरा आहे.

मी जाणारच होते. फक्त सर्व बाजूंनी विचार चालू होता.

९ मार्च, रविवार

व्हिसा आले. डिंकाचे लाडू केले. पहिला घाणा मऊ, दुसरा दगड. दगड ह्यांच्या बॅगेत. बाळंतिणीची सगळी तयारी नेते: खारीक, हळीव, बाळंतशेपा, ओवा, शेकायला जुनं लुगडं. आकांक्षाने यादी ऐकून विचारलं, आई, तू घर हलवतेस का. मी म्हटलं, माहेर. ती म्हणाली, परत म्हण. बहुतेक नेटवर्क.

तुळजाबाईंनी बाळासाठी टोपी विणून दिली. पिवळी. म्हणाल्या, फाटकाला अडकवून येऊ नका.

वेळापत्रक ठरवलं. पोचल्या दिवसापासून मी स्वयंपाकघर हातात घेणार, बाळाला तेल कसं लावायचं ते मॅड्सला शिकवणार, चाळीस दिवस कोणाला थंड पाणी नाही. दारात शिरतानाच आत्मविश्वास दिसला पाहिजे. विमानात डॅनिशची उजळणी.

३० मार्च, रविवार. कोपनहेगन.

आज पाडवा. पोचलो.

विमानात उजळणी झाली नाही. झोपले.

टॅक्सीने घरासमोर सोडलं. पाऊस. निळ्या डब्यावरचा देश कुठेच दिसला नाही, सायकलीच सायकली. दरवाजा काळा, बाजूला बटणांची ओळ, त्यात तिचं आणि मॅड्सचं नाव. ह्यांच्या दोन्ही हातांत बॅगा, अंगात निळा स्वेटर, डोक्याला माकडटोपी. स्वेटरला अजून युरियाचा वास येतो. दाबायचं काम अर्थातच माझ्याकडे होतं.

मी आधी निऱ्या नीट केल्या. मग केस. मग बाळासाठी आणलेली साखरेची गाठी फुटली तर नाही ना ते पाहिलं. मग आठवलं, ती झोपली असेल, या दिवसांत झोप महत्त्वाची. मग वाटलं, मॅड्सने दार उघडलं तर पहिलं वाक्य डॅनिश की इंग्रजी. बोट बटणापर्यंत गेलं होतं. खरंच गेलं होतं. सिस्टर बर्नाडेटच्या दाराचा रंगही काळाच होता का, हे मात्र आठवेना, म्हणून जरा थांबले.

हे म्हणाले, दाबू का. मी म्हटलं, थांबा. पाऊस ह्यांच्या टोपीवरून गळत होता.

मग बेल वाजली. ह्यांनी कोपराने दाबली होती.

जिन्यावरून कोणी तरी जड पावलांनी, कठड्याला धरून, तरी घाईने उतरत होतं. दार उघडलं. आधी पोट आलं, मग आकांक्षा. चेहरा रडून लाल. ती वरून खिडकीतून बघत होती म्हणे, टॅक्सी आली तेव्हापासून. मी म्हटलं, मग खाली का नाही आलीस लगेच?

“तू बेल दाबतेस का बघत होते. मला वाटलं, तू परत जातेस की काय.”

माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती बराच वेळ उभी होती. लाडवांची बॅग मधे आली, म्हणून नीट धरता आलं नाही.

आज स्वयंपाक मॅड्सने केला. वेळापत्रक उद्यापासून.

बेलचं मी आकांक्षाला सांगितलं आहे. मी दाबणारच होते.